भुईतल्या माश्या आणि टँकरची जागा

कौसाबाईंचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. आष्टी तालुक्यात कडा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून एक फाटा आत वळतो. त्या फाट्यावरच्या आमच्या गावात ओढ्याच्या अलीकडे बौद्धवस्ती आहे, आणि वस्तीतल्या पहिल्या घरात कौसाबाई राहतात. त्यांना जमीन नाही. आमच्या कांदा बियाणे उत्पादक सहकारी संस्थेच्या त्या कधी सभासदही नव्हत्या. तरी संस्थेतल्या माझ्या नोकरीबद्दल लिहायचं तर सुरुवात त्यांच्यापासूनच करावी लागते. वस्तीसाठी भांडून मिळवलेली टँकरची जागा एका दुष्काळात त्यांनी माझ्या शब्दावर सोडली. माझा शब्द म्हणजे तरी काय, जमिनीत राहणाऱ्या एका बारक्या माशीबद्दलचा अंदाज. तो बरोबर होता की नाही हे मला आजही पुरतं माहीत नाही.

मी मूळचा गोंदिया जिल्ह्यातला. आमच्याकडे गावागावाला तळं असतं. वडील मच्छीमार सहकारी संस्थेत होते. तळ्यात जाळं टाकायचं, शिंगाडे लावायचे, कावडीने मासळी बाजाराला न्यायची. ते गेले आणि मी आठवीतून शाळा सोडली. पुढे पाइपलाइनचे चर खोदणाऱ्या टोळीत शिरलो आणि एकेक जिल्हा मागे टाकत विशीत आष्टीला पोचलो. या गावातल्या विहिरींपासून शेतांपर्यंत पाइप टाकायचे होते. काम संपता संपता मला कावीळ झाली. टोळी पुढे निघून गेली. मी वस्तीसमोरच्या बाभळीखाली पडून होतो, तिथून कौसाबाईंनी मला उठवून आपल्या पडवीत नेलं.

मी म्हणालो, "मावशी, मले दोन दिवस पडू द्या, मंग जातो."

"कुटं जातूस? डोळं बघ, हळद लावल्यावानी झाल्यात. पड हितं."

बरा झाल्यावर त्यांनी पुढ्यात ज्वारीची भाकरी ठेवली. मी भात आहे का विचारलं, तर शेजारच्या घरात हसण्याचा आवाज आला. तेव्हापासून माझं नाव पुंडलिक असूनही गावाने मला भातवाला म्हणायला सुरुवात केली. माझं "जाऊन रायलो, येऊन रायलो" ऐकायला पोरं मुद्दाम काहीबाही विचारत. परक्या गावात नाव पडलं की माणूस थोडा तिथला होतो, पण हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा सारखी धास्ती असायची, की आपलं काहीतरी चुकेल आणि लोक म्हणतील, जा आता.

नोकरीही त्यांनीच लावली. संस्थेचे चेअरमन अण्णा रस्त्याने चालले होते, त्यांना कौसाबाईंनी थांबवलं. "अण्णा, तुमाला डोंगळं हिंडून बघाया मानूस पायजेल व्हता न्हवं? ह्यो घ्या. भात लई खातो, पन खोटं बोलत न्हाई." अण्णांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि उद्या ये म्हणाले.

आता या कामाबद्दल थोडं. कांद्याचं बी कांद्यातच कुठेतरी असणार असं बाहेरच्या माणसाला वाटतं. मलाही तसंच वाटायचं. खरं असं, की चांगले, गोल, एकसारखे कांदे निवडून दिवाळीच्या सुमाराला पुन्हा जमिनीत लावतात. थंडीत त्यांतून पोकळ दांडे वर येतात आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा चेंडूसारखा गोंडा फुलतो. अशा पिकाला आमच्याकडे डोंगळे म्हणतात. एका गोंड्यात बारीक फुलं शेकड्यांनी असतात. फुलाला दुसऱ्या फुलाचा पराग मिळाला तर काळं बी धरतं, नाही मिळाला तर नुसता कोंडा. कांद्याचा पराग चिकट, वाऱ्याने तो फारसा जात नाही. शिवाय फुलाचा स्वतःचा पराग आधी पिकून जातो आणि फूल मागाहून तयार होतं, म्हणजे घरचं घरी भागत नाही. कुणीतरी इकडचं तिकडे न्यावं लागतं. ते काम माश्यांचं.

माझं काम हिंडायचं. वेगळ्या रंगाचा, वेगळ्या चालीचा दांडा दिसला की मालकाच्या देखत उपटायचा, म्हणजे बियात भेसळ होत नाही. आपल्या शेतातलं फुललेलं झाड दुसऱ्याने उपटलेलं कुणालाच आवडत नाही. एका सभासदाच्या घरी पाहुण्यांसाठी म्हणून बांधावर पांढरा कांदा ठेवला होता, तोही फुलला. तो मी उपटला तर त्या घरच्या वहिनी खुरपं घेऊन बांधावर उभ्या राहिल्या. "भातवाल्या, तुज्या कांद्याला हात लावला व्हता का आमी?" म्हणाल्या. माझा कुठे कांदा होता? पण मी तिथेच बसून त्यांना सगळं समजावलं. पुढच्या वर्षापासून त्या स्वतःच हिंडून भेसळ काढायला लागल्या आणि नवऱ्यापेक्षा बारीक नजरेने काढत.

फुलोऱ्याच्या दिवसांत संस्था बाहेरून मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणायची. पेट्यावाला ट्रक घेऊन यायचा आणि पेट्या शेताशेतात बांधावर लावायचा. सगळे सभासद पेट्या घ्यायचे, एक दगडूतात्या सोडून. तात्यांचं म्हणणं असं, की माश्या फुलातला रस नेतात, मग बी हलकं पडतं. शेजारच्या पेट्यांतल्या माश्या आपल्या शेतात येऊ नयेत म्हणून ते बांधावर ओल्या पाल्याचा धूर करायचे आणि घोंगडी घेऊन हाकलायचे. मी समजावून थकलो. गंमत अशी, की तात्यांचे गोंडे दर साली इतरांइतकेच भरायचे. ते मला बोलावून मुठीत बी दाखवायचे.

"बघ. माशी न्हाई, काय न्हाई. वजन बघ."

तात्यांचं शेत वस्तीला लागून आहे. एका सकाळी मी त्यांच्या डोंगळ्यात बसून राहिलो. धूर चालू होता, पेट्यांतल्या माश्या खरंच कमी होत्या. पण गोंड्यांवर दुसरंच काही हिंडत होतं. काळपट, घरमाशीहून जरा बारीक, अंगावर करडी लव, आणि मागचे पाय परागाने पिवळे झालेले. आवाज जवळजवळ नाही. तात्यांना ते चिलट वाटायचं. पाय भरले की ती माशी वस्तीच्या बाजूला उडायची. मी तिच्या मागे गेलो. एक हरवली की दुसरीच्या मागे. वस्तीसमोर बाभळ आहे, तिच्यापुढे उघडी, घट्ट, किंचित उताराची जमीन आहे. तिथे मुंग्यांच्या वारुळासारख्या मातीच्या बारक्या ढिगल्या होत्या आणि प्रत्येक ढिगलीच्या मधोमध पेन्सिल जाईल एवढं भोक. माशी थेट आत शिरायची.

ती जागा मी ओळखली. चर खोदताना तिथूनच पाइप गेला होता. तेव्हा फावड्याखाली मातीच्या ढेकळात गुळगुळीत लिंपलेल्या इवल्या खोल्या निघाल्या होत्या आणि प्रत्येकीत ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी पिवळी गोळी. एक गोळी मी तोंडात टाकून पाहिली होती, आंबटगोड लागली. ठेकेदार ओरडला म्हणून पुढे खोदत गेलो. आता तात्यांच्या शेतातून तिथे येऊन उभा राहिलो तेव्हा मला त्या गोळीचा अर्थ लागला. या माशीला पोळं नसतं, राणी नसते, मधही नसतो. प्रत्येक मादी एकटी आपलं भोक खणते. परागाची गोळी करून खाली ठेवते, तिच्यावर एक अंडं घालते, खोली लिंपून बंद करते आणि दुसरी खोली खणायला लागते. कांदा फुलतो तेवढेच काही आठवडे ती वर दिसते. बाकीचं वर्ष तिचं पिल्लू मातीत. तिला गावात नाव नव्हतं. मी तिला भुईची माशी म्हणायला लागलो.

तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "चिलटांनी बी भरत असतंय व्हय रं? मग घोंगडी कावून फिरवतो मी, येडा हाय का?"

त्यानंतर तो दुष्काळ आला. पावसाळ्यात नावापुरतं पडून गेलं. दसऱ्याला ऊसतोडीच्या गाड्या भरून निम्मं गाव खाली साखर कारखान्यांकडे गेलं. वस्तीत राहिल्या त्या म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या बाया आणि शाळेची पोरं. सभासदांनी विहिरीतलं उरलंसुरलं पाणी डोंगळ्यांना द्यायचं ठरवलं, कारण ज्वारी गेलीच होती आणि बियाणं हातचं गेलं असतं तर संस्थेकडे पुढच्या हंगामाला काहीच नव्हतं. मागून बाया गोंडे खुडतात, वाळवतात, मळतात, पाखडतात; उन्हाळ्यात गावात मजुरी मिळायची ती एवढीच. गोंडे रिकामे गेले तर खुडायला कोण बोलावणार?

पेट्यावाल्याने निरोप पाठवला की येत नाही. चार शेतं फुललेली, बाकी सगळीकडे करपलेलं, प्यायला पाणी नाही. पेट्या मरायला आणू का, म्हणाला. त्याचंही खरं होतं.

आता टँकरचं. गावाला टँकर सुरू झाला तेव्हा तो वरच्या आळीतल्या विहिरीत रिकामा व्हायचा. वस्तीच्या बायांना तिथे ताटकळावं लागे. शेंदायला जागा शेवटी मिळे, आणि पाणी गढूळ झालेलं असे. कौसाबाई बायांना घेऊन तहसिलीत गेल्या, परत परत गेल्या. संक्रांतीच्या सुमाराला टँकरची एक खेप वस्तीसमोर बाभळीपाशी उभी राहायला लागली. पहिल्या दिवशी टँकर आला तेव्हा बायांनी त्याच्या बॉनेटला हळदीकुंकू लावलं नाही, हार घातला नाही. नुसत्या हंडे घेऊन घराच्या दारातून चालत आल्या. दारातून पाण्यापर्यंत एवढंसं अंतर. कौसाबाई बाभळीखाली हात बांधून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी पाहिला होता. म्हणून पुढचं मला फार जड गेलं.

टँकरची तोटी गळायची. ड्रायव्हर सलीमभाई तिला ट्यूबचं रबर बांधायचे, तरी गळायची. दुष्काळात गळणारं पाणी कुणाला बघवत नाही. वस्तीतल्या बायांनी उताराच्या खालच्या अंगाला मातीचा बांध घातला आणि साचलेल्या पाण्यावर शेरडं पाजायला सुरुवात केली. गावची शेरडंही येऊ लागली. चांगलीच गोष्ट होती. फक्त ती जागा नेमकी माश्यांची होती. थंडी सरली, डोंगळे फुलले, आणि मी पाहिलं तर बाभळीसमोर चिखल, चिखलात खुरांचे खड्डे, आणि त्यावर त्या माश्या घिरट्या घालत होत्या. काही जमिनीवर बसून पायाने चिखल उकरत. जिथे माती कोरडी होती तिथे ढिगल्या दिसत होत्या, पण ओल रोज पुढे सरकत होती.

मी दोन दिवस कुणाला बोललो नाही. कारण मला खात्री नव्हती. तात्यांचे गोंडे भुईच्या माशीने भरत असतील, नाहीतर धुरातून सुटलेल्या पेटीच्या माश्यांनी भरत असतील. मी आठवी नापास नाही, पण आठवी सोडलेला माणूस. माझ्या म्हणण्यावरून काही हललं आणि गोंडे तरी रिकामेच निघाले तर?

शेवटी अण्णांना सांगितलं. अण्णा वाईट माणूस नव्हते. जागेवर येऊन बसले, भोकं पाहिली, डोकं खाजवलं.

"सोपं हाय की. टँकर पयल्यावानी वरच्या हिरीत सोडू."

"अण्णा, ते वस्ती ऐकणार नाही. आणि ऐकू पण नये."

"मंग तूच बोल कौसाबाईशी. आमी बोललो तर म्हनतील, आलं परत पानी न्यायला."

संध्याकाळी मी वस्तीत गेलो. बाया पाणी भरून बसल्या होत्या. मी कोरड्या कडेचं एक ढेकूळ खुरप्याने काढून आणलं होतं. ते फोडून आतली खोली दाखवली, पिवळी गोळी दाखवली, सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, फुलोरा संपेपर्यंत टँकर दुसरीकडे उभा राहिला पाहिजे. मग छबू बोलली. तिचा नवरा ऊसतोडीला गेलेला, कडेवर तान्हं पोर, आणि जीभ विळ्यासारखी.

"म्हंजी बागायतदाराच्या डोंगळ्यासाठी आमी लांबून पानी वडायचं? माशीला पंख हाईत न्हवं, तिला म्हनावं जा की वड्यापल्याड. मला पंख न्हाईत."

बाया हसल्या, पण हसण्यात राग होता. दुसरी म्हणाली, "धा खेटं घातलं तहसिलीत. आन् ह्यो भातवाला माशी घिऊन आला."

कौसाबाई ते ढेकूळ हातात धरून बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "खात्री हाय का तुला?"

"नाही, मावशी."

"मंग कावून आलास?"

"खरं असलं आणि मी सांगितलंच नाही, तर गोंडे रिकामे जातील. मग खुडणी नाही. म्हणून आलो. पण खात्री नाही."

त्यांनी ढेकूळ खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं, आता या पडवीत मला जागा नाही. मग त्या छबूकडे वळल्या.

"खुडनी न्हाई झाली तर तू उनाळ्यात काय करशील गं?"

"काय करनार. जाईन नवऱ्यामागं."

"त्या लेकराला घिऊन?"

छबूने पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. कौसाबाई मला म्हणाल्या, "अण्णाला म्हनावं हितं यायचं. तुज्या तोंडून न्हाई, त्यांच्या तोंडून पायजेल."

दुसऱ्या दिवशी अण्णा वस्तीत आले. मतांच्या दिवसांखेरीज ते तिथे बसलेले मी तोवर पाहिले नव्हते. "जयभीम, कौसाबाई," म्हणाले आणि घातलेल्या पोत्यावर बसले. कौसाबाईंनी आपलं म्हणणं मांडलं. टँकर वरच्या विहिरीत जाणार नाही. ओढ्यापलीकडे खडक आहे, त्यावर उभा राहील. तिथली ओल कुणाला बाधत नाही आणि ती जागा वस्तीच्या हद्दीत आहे. फुलं वाळली की टँकर बाभळीपाशी परत. आणि गोंडे भरले तर खुडणीला आधी या वस्तीच्या बाया, मग दुसऱ्या.

"मान्य हाय," अण्णा म्हणाले.

"मला एकटीला सांगू नका. सगळ्यांम्होरं बोला."

अण्णा उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर बोलले.

सलीमभाईंना मी सांगायला गेलो तर ते म्हणाले, "मेरेकू क्या भाई, जिधर बोलो उधर खाली करतूँ. लेकिन मक्खी के वास्ते टँकर हटते मैंने पैली बार देख्या."

ओढ्यापलीकडून पाणी आणायचं म्हणजे हंडा डोक्यावर घेऊन आधी ओढ्याच्या कोरड्या पात्रात उतरायचं, वाळूतून चालायचं आणि अलीकडचा मुरमाड चढ चढायचा. मी घरी करायचो तशी बांबूची कावड केली आणि दोन डबे लटकवून म्हाताऱ्यांच्या घरी पाणी घालू लागलो. आमच्याकडे मासळी अशीच नेतात. इथे पुरुषाने पाणी वाहणं हेच नवल, त्यात कावड. पोरं मागून यायची. छबू चढावर भेटली की म्हणायची, "भातवाल्या, माशीला बी घालतूस का एखादा डबा?" मी म्हणायचो, तिला पाणी घालू नये म्हणूनच तर चाललंय. त्यावर ती हसायची. राग तिचा शेवटपर्यंत गेला नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही.

जागेभोवती मी बाभळीचे काटे लावले. बांध फोडून टाकला, शेरडांना खडकाजवळ दगडी डोणी केली. ऊन कडक होतं. चिखल वाळून त्याला भेगा पडल्या, आणि भेगांच्या कडेने हळूहळू नव्या ढिगल्या दिसायला लागल्या. मी रोज सकाळी बघायचो. पाय पिवळे करून माशी आली, भोकात शिरली की मला बरं वाटायचं, आणि लगेच वाटायचं, एवढ्याशा माशीने काय होणार, शेतं केवढी.

त्यातच कौसाबाई पडल्या. चढावरचा मुरूम पायाखालून सरकला. मी मागेच होतो. त्यांनी पडतानाही एक हात हंड्याला लावून ठेवला, म्हणून गुडघ्यावर सगळा भार आला. मी कावड टाकून धावलो. हंडा वाळूत सरळ बसला होता, पाणी थोडंच सांडलं होतं. गुडघा तेवढ्यातच सुजायला लागला.

"हांडा वाचला न्हवं?" त्या म्हणाल्या.

सलीमभाईंनी त्यांना टँकरच्या केबिनमध्ये बसवून कड्याला दवाखान्यात नेलं. मी सोबत होतो. डॉक्टरांनी पट्टी बांधली, चढउतार बंद म्हणून सांगितलं. परतताना मी काहीतरी बोलायला गेलो, तर त्यांनी हात वर केला. "आता टँकर परत बाबळीपाशी आन म्हनू नगंस. फुलं वाळू दे." त्यांच्या घरचं पाणी पुढे मी आणि छबूने भरलं. तो गुडघा पुन्हा सरळ झाला नाही. आजही त्या भिंतीला धरून उठतात.

फुलं वाळली. टँकर परत बाभळीपाशी आला, पण या वेळी आम्ही तो माश्यांच्या उतारापासून हटवून वरच्या अंगाला उभा केला आणि खाली पन्हळ ठेवली. आधीच तसं का सुचलं नाही म्हणाल, तर जागा एवढी अरुंद होती की मधली दोन बाभळीची झुडपं तोडल्याशिवाय गाडी वळत नव्हती, आणि ती झुडपं तात्यांच्या बांधात होती. ती तोडायला तात्या तयार झाले ते गोंडे बघून.

गोंडे चोळून बघायचा दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. आधी लांबच्या शेतांत गेलो. तिथे तळहातावर कोंडाच जास्त, काळं बी तुरळक. मन खचलं. मग तात्यांच्या शेतात आलो. गोंडा चोळला, फुंकर मारली. तळहातावर बी राहिलं. दुसरा चोळला, तिसरा चोळला. शेजारच्या शेतातही बऱ्यापैकी होतं, जसजसं वस्तीपासून लांब जावं तसतसं कमी. भरपूर नव्हतं. पण खुडणी होण्याइतकं आणि संस्थेचं दार उघडं राहण्याइतकं होतं. तात्या शेजारी उभे होते. म्हणाले, "घोंगडी ठिवली घरात ह्या साली. धूर बी केला न्हाई." एवढंच.

खुडणीला वस्तीच्या बाया आल्या. शेवटच्या शेतांत दोन सभासदांनी गुपचूप आपल्या पाहुण्यांच्या बाया बोलावल्या. छबू विळा कमरेला खोचून अण्णांच्या ओट्यापुढे गेली. "अण्णा, तुमचा सबूद बी हिरीवानी आटला का?" अण्णा तसेच चपला घालून शेतात आले आणि पाहुण्यांना परत पाठवलं. कौसाबाईंना वाकून खुडता येत नव्हतं. त्या सावलीत पाय लांब करून गोंडे वाळत घालायच्या आणि पाखडायच्या.

वार्षिक सभेत मला कायम केल्याचं जाहीर झालं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी कौसाबाईंचं नाव घेतलं आणि काय झालं ते सगळं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वस्तीत जाऊन त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "टाळ्यांनी हांडा हलका व्हत असता तर लई बरं झालं असतं."

पुढे काही वर्षांनी कृषी विद्यापीठातल्या एक बाई आमचे डोंगळे पाहायला आल्या. त्यांनी ती माशी कागदाच्या पुडीत नेली आणि नंतर कळवलं की जमिनीत खणून एकट्या राहणाऱ्या रानमाश्यांपैकी ती आहे, आणि कांद्यावर चांगलं काम करते. मी त्यांना विचारलं, त्या दुष्काळात बी तिनेच भरलं का? त्या प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, काही गोंडे जाळीने झाकून ठेवले असते आणि उघड्यांशी ताडून पाहिले असते तर सांगता आलं असतं. रानातल्या दुसऱ्या माश्याही असतील. आता नाही सांगता येणार.

हे मी कौसाबाईंना सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, पण माझ्याबद्दल त्यांनी अण्णांना पहिल्या दिवशी दिलेली 'खोटं बोलत न्हाई' ही हमी आठवली. त्या गुडघ्यावरून हात फिरवत ऐकत होत्या.

"म्हंजी मी कामाला पडले का उगंच पडले, ते बी कळायचं न्हाई."

"नाही कळायचं, मावशी."

"असू दे. खुडनी झाली न्हवं."

आता मी निवृत्त झालोय. गावात नळ आले, टँकर दर साली लागत नाही. बाभळीसमोरच्या जमिनीवर सिमेंटचे ठोकळे बसवले गेले तेव्हा छबू ग्रामपंचायतीत सदस्य होती. उताराची एक पट्टी तिने सोडायला लावली. "ह्या पट्टीपायी आमी लांबून पानी वडलंय," म्हणाली, आणि कुणाला काही समजावत बसली नाही. माघ-फाल्गुनात तिथे अजून ढिगल्या दिसतात. पूर्वीइतक्या नाहीत. माझी सवय गेलेली नाही, सकाळी जाऊन बघतोच.

एक गोष्ट राहिली. मी काविळीतून उठलो त्या दिवसांत पडवीत बसून कौसाबाईंना आमच्या तळ्याबद्दल सांगायचो. पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, बसलं की पाणी पार पलीकडच्या झाडांपर्यंत दिसतं, कडेला कमळं, मधे शिंगाड्याचे वेल, धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, सारसाची जोडी उभी. त्यांचा विश्वास बसायचा नाही. "येवडं पानी उगंच उबं असतंय? राखायला कोन न्हाई?" मी म्हणायचो, नाही. "मंग लोक भरून नेत न्हाईत?" मी म्हणायचो, भरून कुठे नेतील, घरापुढेच आहे. गुडघा गेल्यानंतर एकदा त्यांनी स्वतःहून तो विषय काढला. "पुंडलिका, मला तुज्या तळ्याच्या कडंला येकदा नुसतं बसायचंय. भरायचं न्हाई, उचलायचं न्हाई. नुसतं बगायचं."

मी हो म्हणालो होतो. मग फुलोरा, मग खुडणी, मग पुढचा फुलोरा, असं करत इतकी वर्षं गेली. आता त्यांना फाट्यापर्यंत चालवत नाही. तरी मी छबूच्या मुलाशी बोललोय, त्याची गाडी आहे. तो नगरच्या स्टेशनापर्यंत सोडेल. तिथून गोंदियाला थेट गाडी जाते. चढायला उतरायला मी आहे. घरी भावाला कळवलंय की पाळीवर चिंचेखाली खाट टाकून ठेव आणि त्या आल्या की त्यांच्यासमोरून कुणी हंडा घेऊन जायचं नाही. डोंगळे फुलण्याआधी, थंडीत, तळं भरलेलं असतं तेव्हा मी त्यांना नेणार आहे. मावशी, गुडघा शेकत राहा. मी न्यायला येतोय.